माझ्या रक्ताचा निकाल कोणाला सांगायचा

श्रावणात मी कॅप्सूल घेत नाही. म्हणजे त्या श्रावणात घेतल्या नाहीत, असं म्हणायला हवं, कारण आता घेते, एकादशीलाही घेते, आणि देवाला जे काय म्हणायचंय ते तो मला वर गेल्यावर म्हणेल. त्या कॅप्सूलचं गुळगुळीत आवरण जनावराच्या हाडापासून करतात, असं मी फोनवर वाचलं होतं. एरवी औषध आहे म्हणून डोळे मिटून गिळायची. पण श्रावणात कांदा-लसूणही न खाणारी बाई हाड कसं गिळेल? आणि तेही कशासाठी, तर रक्तवाढीच्या गोळीसाठी! रक्त काय, भाद्रपदात वाढवता येईल. बीट आहे, खजूर आहे, पालक तर इथे गोठवलेला बारा महिने मिळतो. मग नवरात्र आलं, तेव्हाही तसंच. लपूनछपून काही केलं नाही मी. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रक्तवाढीची गोळी, असं मला सांगितलं होतं. कोणी? माझ्या मुलानं. दुसरं कोण सांगणार मला इथे?

मुलगा इथे जर्मनीत, नेकारसुल्मला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. हे गेल्यावर इचलकरंजीचं घर बंद करून मुलानं मला इकडे आणलं. पत्त्याची नोंद झाली, विमा झाला, मी बसमधून एकटी भाजी आणायला लागले, दुकानात 'गूटन टाग' म्हणायला लागले, आणि मग मला थकवा यायला लागला. जिना चढले की धाप. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं, डाव्या बरगडीखाली कोणी उशी कोंबल्यासारखं. घराजवळच्या डॉक्टरनं रक्त काढलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मोठ्या गावातल्या रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इथे टर्मिनसाठी, म्हणजे डॉक्टरांची वेळ मिळायला, महिनोन् महिने थांबावं लागतं, सगळे रडत असतात त्याबद्दल. मला दुसऱ्या दिवशी मिळाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ते डॉक्टर म्हातारे होते, पांढऱ्या मिशांचे, चांगले. माझ्याकडे बघून खूप वेळ बोलले. हातवारे केले, कागदावर दोन काड्या काढल्या, त्या तोडल्या, एकीचा तुकडा दुसरीला लावून दाखवला. मुलगा मान डोलवत होता, 'जा, जा, गेनाऊ', म्हणजे हो, हो, बरोबर, करत होता. त्यांचं संपल्यावर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आई, रक्त कमी आहे तुझं. गोळ्या देतायत."

मी म्हटलं, "अरे, एवढं बोलले ते, आणि एवढंच?"

"जर्मन भाषा लांबलचक असते, आई."

मी हसले. खरंच हसले हो. डॉक्टरही माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं असेल, काय धीराची बाई आहे! एवढी बातमी ऐकून हसते! मग मुलानं बोट ठेवलं तिथे मी सही केली.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्त. नळ्याच्या नळ्या भरून. त्या नळ्या दूरच्या मोठ्या लॅबला जायच्या, निकाल आठ-दहा दिवसांनी मुलाच्या फोनवर यायचा. मी म्हणायची, "रक्त कमी आहे म्हणता आणि वर काढूनही घेता? हा कुठला न्याय?" सून हसायची. तीच औषधांच्या दुकानातून कॅप्सूल आणायची, खोक्यातून सोलून काढायची आणि माझ्या डबीत भरून ठेवायची. खोकी आणि आतली माहितीची चिटोरी कागदाच्या कचऱ्यात. मला वाटायचं, किती करते माझं! जेवण झाल्यावर मोठा पेला पाण्याबरोबर एक. सकाळी डोळे सुजायचे. सून म्हणायची, "अहो आई, रडलात की काय?" मी म्हणायची, "रडू कशाला? सुनेनं अजून छळलं कुठे आहे?" पोटऱ्यांत गोळे यायचे ते थंडीचे, असं मीच ठरवलं. हळूहळू धाप गेली, बरगडीखालची उशी गेली. मी पुन्हा पुरणपोळ्या लाटायला लागले. म्हटलं, वाढलं रक्त.

दसरा होऊन गेला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी काम सोडलं होतं, त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझं तिमाही रक्त जाऊन आठवडा झाला असेल. आम्ही जेवायला बसलो होतो आणि मुलाला फोन आला. तो उठून बाल्कनीत गेला, काचेचं दार लावून घेतलं. इथल्या थंडीत कोणी बनियनवर बाल्कनीत उभं राहतं का? परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"आई, तू गोळ्या घेतेस ना?"

"घेते की."

खोटं नव्हतं. नवरात्र संपलं होतं, त्या दिवशी घेतलीच होती.

"रोज?"

"अरे, हो. जेव आधी, आमटी गार होतेय."

तो जेवला नाही. आत जाऊन तो आणि सून इंग्रजीत बोलायला लागली. या दोघांना वाटतं, इंग्रजी म्हणजे भिंत. सगळं नाही, पण 'म्युटेशन' हा शब्द मला कळला. करोनाच्या दिवसांत रोज बातम्यांत असायचा. मला वाटलं, आला वाटतं परत. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून मास्क काढून धुऊन ठेवले. हसा तुम्ही. मला आता त्या वाळत घातलेल्या मास्कची इतकी चीड येते की काय सांगू.

डॉक्टरीणबाईंनी मला लगेच बोलावलं. मुलगा बरोबर होताच. आम्ही खोलीत गेलो तर टेबलावर एक स्क्रीन, आणि स्क्रीनवर कुंकू लावलेली एक बाई, कानाला हेडफोन. डॉक्टरीणबाई मुलाशी काहीतरी बोलल्या. मुलगा तावातावानं बोलायला लागला. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मधूनमधून 'नाईन', म्हणजे नाही, म्हणत होत्या. शेवटी त्यांनी उठून दार उघडलं. माझा मुलगा, ज्याच्या हाताखाली कारखान्यात माणसं काम करतात, तो मान खाली घालून बाहेर जाऊन बसला.

स्क्रीनवरची बाई म्हणाली, "नमस्ते माताजी. मैं दुभाषिया हूँ. डॉक्टर साहब चाहती हैं कि आज आपसे सीधी बात हो."

मी म्हटलं, "बोलो ना." आमचं हिंदी सिनेमातलं आणि कापडाच्या मारवाडी व्यापाऱ्यांकडून शिकलेलं.

"डॉक्टर साहब पूछती हैं, आपको कौन सी बीमारी है, आप बताइए."

"मेरेको खून कम है."

तिनं ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या बोलल्या, हळूहळू, माझ्याकडे बघत, आणि ती बाई एकेक वाक्य हिंदीत करत गेली. मला ल्युकेमिया आहे. रक्ताचा कॅन्सर. जुना, सावकाश वाढणारा प्रकार. शरीरातले दोन जीन तुटले आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेला. हा जोडजीन पेशींना सारखं एकच सांगत राहतो, वाढा, वाढा, वाढा. माझी कॅप्सूल त्याचं तोंड बंद करते. आणि दर तीन महिन्यांनी ते जे रक्त नेतात, त्यात लॅबवाले हा जोडजीन किती उरलाय ते मोजतात. तो आकडा खाली खाली जात होता. आता वर आलाय. जोडजीनात नवीन बदल झाला असेल, तर ही कॅप्सूल चालणार नाही. म्हणून आणखी एक तपासणी करायची आहे. किंवा मग, मी गोळ्या घेतल्या नसतील.

मला ते एका दमात कळलं. आमच्या इचलकरंजीत मागावर धागा तुटला की कामगार गाठ मारतो. गाठ भलत्याच धाग्याशी पडली तर माग काही थांबत नाही, तीच चूक विणत सुटतो, वारच्या वार. आमचे हे जन्मभर तेच बघत होते, कापडात चूक कुठे आहे ते. मला माग समजतो तर जीन का नाही समजणार?

"माताजी, आप गोली रोज़ लेती हैं?"

आता इथे मी काय सांगायचं? की माझ्या मुलानं मला फसवलं? त्या स्क्रीनवरच्या, कुठल्या गावची कोण जाणे, बाईला सांगायचं? आणि या डॉक्टरीणबाईंना, ज्यांनी त्याला आत्ताच शाळेतल्या पोरासारखं बाहेर बसवलं होतं? बाहेरच्या खुर्चीवर तो कसा बसला असेल ते मला न बघता दिसत होतं, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. माझ्या तोंडातून निघून गेलं, "कभी कभी भूल जाती हूँ."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. आजाराचं नावही मीच विसरले, असं त्यांना वाटलं असणार.

गाडीत बसल्यावर मी पट्टा लावला. तोच म्हणाला, "तर... आई, सांगितलं त्यांनी तुला?"

"सांगितलं."

"गोळ्यांचं काय विचारलं?"

"मी म्हटलं, विसरते कधीकधी."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला! आणि म्हणाला, "बरं केलंस."

बघा, मला कॅन्सर आहे हे कळून अजून तास झाला नव्हता. पण त्या कॅन्सरपेक्षा हे 'बरं केलंस' मला जास्त लागलं. अजूनही लागतं. मी त्याची अब्रू झाकली, आणि त्याला ते 'बरं' वाटलं. मी गोळ्या खरंच विसरले की सोडल्या, ते त्यानं विचारलंसुद्धा नाही. मीच सांगितलं, हाडाचं, श्रावणाचं, सगळं. तेव्हा तो म्हणाला, "आई, विसाव्या शतकात तरी ये गं!"

मी म्हटलं, "मी खुशाल येते. पण वाट दाखवणाऱ्यानं खरी दाखवायला हवी होती ना?"

घरी मग व्हायचं ते झालं. सून रडायला लागली. "अहो आई, तुम्ही घाबरला असता. तुमच्यासाठीच केलं ना आम्ही सगळं."

"घाबरले असते तर घाबरले असते! माझ्या कॅन्सरला घाबरायचं काम तरी माझं होतं की नाही? तेही तुम्ही काढून घेतलंत?"

मुलगा म्हणाला, "आपल्याकडे असंच करतात, आई. आजोबांना कुठे सांगितलं होतं कोणी?"

"आजोबा अंथरुणावर होते. मी तुझ्या डब्याच्या पोळ्या लाटते."

"आणि सांगून तरी काय? ते जीन-बिन तुला काय कळणार होतं?"

सातवीनंतर शाळा सुटली माझी, त्याचं हे. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुडीचे कागद उलगडून वाचत शिकले, आणि तोच मुलगा लहानपणी माझ्याच मांडीवर बसून अक्षरं लावायचा. पोळ्या झाल्या होत्या, तवा उतरवला.

मग एकेक कळत गेलं. कोणाकोणाला माहीत होतं, ते. माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होतं. म्हणूनच ती फोनवर 'ताई, मन प्रसन्न ठेव' म्हणायची, आणि मला वाटायचं, हिला कुठल्या बुवाचा नाद लागला की काय. इथल्या आपल्या मंडळींनाही माहीत होतं. गणपतीत सगळ्या बायकांनी मला आरतीला पुढे केलं, ताटात मोदक जास्त वाढले, एकीनं तर जाताना वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसले. मी घरी येऊन सुनेला म्हटलं होतं, "काय लाघवी बायका आहेत गं!" सूनही म्हणाली होती, "हो ना." साऱ्या गावाला माझ्या रक्तातलं माहीत, आणि मी मोदकाच्या पारीचं कौतुक करत बसलेली.

दुसऱ्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी आम्ही तिघं खोलीत होतो, चौथी स्क्रीनवरची बाई. या वेळी मुलाला आत बसू दिलं होतं. मीच म्हटलं होतं, बसू द्या. निकाल चांगला होता. जोडजीनात नवीन काही झालेलं नाही. औषध चालतंय, मी फक्त ते घेतलेलं नाही. नीट घेतलं तर आकडा परत खाली येईल. मुलानं माझा हात दाबला. "बघ! म्हणजे काही झालंच नाही, आई! सगळं ठीक!"

काही झालंच नाही. असं म्हणाला तो.

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. दुभाषी बाई थोडी चाचरत म्हणाली, "माताजी, एक घड़ी बनाइए. गोल, अंक लिखिए, और ग्यारह बजकर दस मिनट दिखाइए."

मी विचारलं, "क्यों?"

ती म्हणाली, मी विसरते ना, म्हणून. डोकं कसं चालतंय ते बघायचंय. आणि घड्याळ नीट आलं तरी आता रोज सकाळी सेवेची एक बाई आमच्या घरी येईल, माझ्यासमोर उभी राहून मला कॅप्सूल देईल, मी गिळली का ते बघेल आणि जाईल.

मी मुलाकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी म्हणेल की नाही हो, माझी आई काही विसरत नाही, सगळ्या गल्लीचे वाढदिवस तिला पाठ आहेत. तो डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाला, "गूटे इडे." चांगली कल्पना. एवढं जर्मन मला कळतं.

मी घड्याळ काढलं. छान काढलं. आकडे सारख्या अंतरावर, काटे बरोबर. कागद त्यांच्याकडे सरकवला आणि स्क्रीनकडे तोंड करून म्हटलं, "बहनजी, अब जो मैं बोलेगी वो पूरा बताना. काटना नहीं. मैं कुछ नहीं भूली. मेरेको बताया नहीं था. मेरे लड़के ने बोला, खून बढ़ाने की गोली है. खून बढ़ाने की गोली के लिए कोई उपवास तोड़ता है क्या?"

मुलगा कुजबुजला, "आई, नको."

स्क्रीनवरच्या बाईनं सांगितलं, पूर्ण, काही न कापता. मला जर्मन येत नाही, पण ती किती वेळ बोलली ते मी ऐकलं. पहिल्यांदा माझं बोलणं आणि त्याचं भाषांतर एकाच लांबीचं होतं.

डॉक्टरीणबाई मुलाला रागावल्या नाहीत. मला वाटत होतं, रागावतील. त्यांनी सेवेच्या बाईचं काय ते खोडलं आणि मला एकच विचारलं, यापुढे निकाल कोणाला सांगायचा?

"मेरेको."

आणि मुलाला?

"उसको मैं बतायेगी."

घरी दारात किल्ली लावताना मुलगा म्हणाला, "परक्या बायकांसमोर मला चोर केलंस तू."

मी म्हटलं, "आणि तू मला वेडी करायला निघाला होतास, त्याचं काय?"

"मी तुझा जीव वाचवायला बघत होतो, आई."

"बघत होतास रे. माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होतास."

तो किल्ली फिरवून आत गेला, आणि खरं सांगू, हे बोलल्याचा मला आनंदही झाला नाही. लहान असता तर जवळ घेतला असता. पण एवढ्या मोठ्या माणसाला जवळ कसं घ्यायचं, तेही खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटायच्या आधी? वाईट त्याला वाटत होतं ते पकडला गेल्याचं.

आता कॅप्सूल मी स्वतः आणते. खोक्यावरचं नाव फोनवर टाकून सगळं वाचलं मी, डोळे का सुजतात, पोटऱ्या का धरतात, सगळं. श्रावणात साबुदाण्याच्या खिचडीवर कॅप्सूल घेते. सून विचारते, "आई, घेतलीत?" मी "हो" म्हणते. इतकंच बोलणं. ती वाईट नाही. पण तिनं सोलून टाकलेली ती खोकी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

परवा प्राक्सिसमध्ये, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, मी एकटी बसनं गेले. स्क्रीनवर यावेळी दुसरीच बाई होती, तिचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट, पण निकाल कळला. आकडा कळला. आकड्याचा अर्थही विचारून घेतला.

मुलाला माहीत आहे की मी जाऊन आले. सकाळी कारखान्यात जाताना बूट घालायला तो हल्ली फार वेळ घेतो. लेस बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो, वर बघतो. त्याचा जीव टांगणीला लागलाय, मला काय दिसत नाही? नऊ महिने पोटात ठेवलाय. त्यानं एकदा तोंड उघडून विचारावं, "आई, तुझा निकाल काय आला?" माझा, असं म्हणून. एवढ्यासाठी थांबलेय. मी सांगणार आहे, लगेच सांगणार आहे, लपवून मला काय करायचंय? पण विचारायला हवं ना त्यानं. तो दार ओढून घेतो, खाली गाडी सुरू होते. मी पेलाभर पाणी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसते, एकटीच.